रेवडीचं ओलं अंथरूण

औषधांच्या दुकानात श्यामने गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवता सरकवता सहज विचारलं, "काकांचं कसं आहे आता?"

"त्यांना काय धाड भरलीय?" सुनीतीबाई म्हणाल्या.

श्यामने एकदा मागच्या कपाटाकडे आणि एकदा काऊंटरकडे पाहिलं. "नाही, ते अंथरायचे पॅड नेतात ना, पेशंटच्या खाली घालायचे. म्हटलं, आता बरं असेल." मग बाजूच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवून तो म्हणाला, "मोठ्या साइजमधले आलेत म्हणावं."

सुनीती खासनीस यांची सगळी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. पहिल्या नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरा मागवायचा, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. दुकानापासून वारज्याच्या त्यांच्या सोसायटीपर्यंत चालताना त्या मनातल्या मनात नमुने गोळा करत राहिल्या. श्रीनिवासराव हल्ली हॉलमधल्या दिवाणावर झोपत होते. पाठीला बरं पडतं, म्हणे. दिवाणाच्या चादरीखाली रेक्झिनचा तुकडा होता. देवघर स्वयंपाकघरात, पण उदबत्ती सकाळी हॉलमध्ये लागलेली असायची. आणि ज्या माणसाला उभ्या जन्मात वॉशिंग मशीनचं बटण सापडलं नव्हतं, तो त्या उठायच्या आत मशीन लावून मोकळा होत होता.

अरे देवा, सुनीतीबाईंना वाटलं. आणि हे एकटेच सोसतायत.

घरी आल्या तेव्हा श्रीनिवासराव दिवाणावर पेपर वाचत बसले होते आणि दिवाणाखाली, नेहमीच्या जागी, रेवडी होती. रेवडी म्हणजे त्यांची सशीण. पांढरी, पाठीवर तिळासारखे करडे ठिपके. श्रीनिवासराव शाळेत हेडक्लार्क होते तेव्हा स्नेहसंमेलनाला एक जादूगार आला होता. जाताना हे पिल्लू त्याने ऑफिसातच सोडलं. टोपीत मावेनासं झालंय, म्हणाला. श्रीनिवासरावांनी ते डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. त्याला आता नऊ-दहा वर्षं झाली असतील. तेव्हापासून ससा श्रीनिवासरावांचा, आणि सशाबद्दलच्या तक्रारी सुनीतीबाईंच्या, अशी वाटणी होती.

सुनीतीबाईंनी चहा ठेवला, दोन कप घेऊन आल्या, आणि समोर बसल्या.

"अहो, हॉलमध्ये का झोपता ते मला कळलंय."

पेपर हलायचा थांबला. "कसं कळलं?"

"श्याम बोलला. पॅडचं."

श्रीनिवासरावांनी पेपरची घडी घातली. मग ती घडी पुन्हा घातली. "गणपतीनंतर सुरू झालं," ते म्हणाले. "आधी थेंब थेंब. आता झोपेत होतं. झालेलं कळतही नाही."

"मग सांगायचं नाही का? मी काय परकी आहे?"

"तू चिडशील असं वाटलं."

"चिडण्यासारखं काय आहे त्यात? वय झालं की व्हायचंच. कुणाला लवकर, कुणाला उशिरा."

श्रीनिवासरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की सुनीतीबाईंना मान वळवावी लागली. इतकी कृतज्ञता त्यांना लग्नानंतर कधी मिळाल्याचं आठवत नव्हतं.

"तुझी खरंच हरकत नाही?"

"हरकत कसली? डॉक्टरांना दाखवू. नंबर मी लावते."

"साध्या डॉक्टरांना यातलं कळत नाही पण. यातलाच माणूस पाहिजे."

"यातलाच बघते," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. आत जाऊन त्यांनी एका नावाजलेल्या युरॉलॉजिस्टकडे श्रीनिवासरावांच्या नावाने वेळ घेतली.

त्या दिवशी जेवताना नवराबायकोत कधी नव्हता इतका जिव्हाळा होता. श्रीनिवासरावांनी स्वतःहून ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीबाई लवकर उठल्या. श्रीनिवासराव दूध आणायला गेले होते आणि मशीन लावायचं राहिलं होतं. न्हाणीघरातल्या बादलीत त्यांचं जुनं पंच्याचं फडकं पडलेलं होतं. आता लपवालपवी संपली आहे, तर आपणच धुऊन टाकू, म्हणून त्यांनी ते उचललं, आणि उचललेलं तसंच हातात राहिलं.

फडक्यावर हळदीचा जुना डाग होता, कधीतरी सांडलेल्या पिठल्याचा. कोरड्या बाजूला तो डाग पिवळाच होता. पण ओल सुरू झाली तिथून पुढे तोच डाग कुंकवासारखा लाल झालेला होता.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. सुनीतीबाईंनी फडकं नाकाशी नेलं. साबणाचा वास नव्हता. दुसराच होता, उग्र आणि थोडा गवतासारखा. म्हणजे जे काही सांडलं होतं तेच साबणासारखं अल्कधर्मी होतं. आणि माणसाचं मूत्र बहुधा आम्लाच्या बाजूचं असतं. त्याने हळद पिवळीच राहायला हवी.

बहुधा, त्यांनी स्वतःला बजावलं. जंतुसंसर्ग असला तर उलटंही होतं. दुसरा नमुना हवा.

फडक्याची एक कड वाळून कडक झाली होती. तिच्यावर पांढरी पूड धरली होती, भिंतीच्या चुन्यासारखी. सुनीतीबाई स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू घेऊन आल्या आणि त्या पुडीवर पिळलं. पूड फसफसली. बारीक बारीक बुडबुडे आले, मिनिटभर चुरचुर करत राहिले, आणि विरले.

न्हाणीघरातल्या स्टुलावर त्या बसल्याच. चुना. चक्क चुना. कुठल्या माणसाच्या अंगातून एवढा चुना पडेल?

मग त्या उठल्या, हॉलमध्ये गेल्या, आणि गुडघे कुरकुरत असतानाही जमिनीवर आडव्या होऊन दिवाणाखाली बघायला लागल्या. रेवडी अंथरलेल्या पॅडवर बसली होती. तिने मिशा हलवल्या. तिच्या मागच्या पायांची पांढरी लव पिवळट पडून चिकटली होती, आणि आत कातडी लालसर दिसत होती.

श्रीनिवासराव दुधाच्या पिशव्या घेऊन दारात आले तेव्हा बायको जमिनीवर पालथी पडलेली होती.

"पडलीस का गं?"

"नाही. हे तुमचं नाही," दिवाणाखालून आवाज आला.

"काय माझं नाही?"

"तुमचं असतं तर हळद लाल झाली नसती."

श्रीनिवासराव पिशव्या हातात धरून उभे राहिले. सुनीतीबाई उठून बसल्या, पदर झटकला, आणि काल आपण काय समजलो ते सांगून टाकलं. युरॉलॉजिस्टचं नाव ऐकल्यावर श्रीनिवासरावांचे कान लाल झाले. मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी दुधाच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि डोळे पुसले.

"म्हणजे काल तू एवढी गोड बोलत होतीस, ती मला?"

"मग काय सशाला? पण लपवायचं काय होतं त्यात?"

हसू थांबलं. श्रीनिवासराव दिवाणाच्या कडेला टेकले. "तिने तुझी इस्त्रीची वायर कुरतडली होती, आठवतं? तेव्हा तू म्हणाली होतीस. हिने घर घाण केलं ना, तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन सोडेन."

सुनीतीबाईंना आठवत नव्हतं. म्हणाल्या असतील. दिवसातून अशी दहा वाक्यं त्यांच्या तोंडून निघत. भाजीवाल्याला, वॉचमनला, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या मुलीला. त्यातलं एखादं कुणी खरं मानून, चादरी धूत, उदबत्त्या लावत महिनोन्महिने काढेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"कात्रजला घेतात का हो ससे?" त्या एवढंच म्हणाल्या.

"मी विचारलं नाही."

"बरं केलंत. उठा. हिची पिशवी कुठे आहे?"

युरॉलॉजिस्टची वेळ रद्द झाली. कर्वेनगरला डॉ. शेफाली म्हणून एक तरुण बाई होत्या, ससे-कासवं-पोपट बघणाऱ्या. त्यांनी रेवडीला टॉवेलमध्ये गुंडाळून पोट चाचपलं, मागचे पाय ताणून पाहिले, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला. शेवटाकडे आल्यावर रेवडीने अंग आक्रसलं.

"इथे दुखतंय. एक्स-रे काढू."

एक्स-रे पडद्यावर आला तेव्हा श्रीनिवासराव चष्मा पुसायला लागले. सुनीतीबाई खुर्ची सोडून पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बरगड्या दिसत होत्या, कणा दिसत होता, आणि पोटाच्या खालच्या भागात एक पांढराशुभ्र गोळा. हाडांपेक्षाही पांढरा.

"खडा?" त्यांनी विचारलं.

"खडा नाही, गाळ. कॅल्शियमचा. मूत्राशयात साचलाय." डॉ. शेफालींनी पेनाने गोळ्याची कड दाखवली. "बाकीच्या प्राण्यांनी कॅल्शियम जास्त खाल्लं तर शरीर ते फारसं आत घेतच नाही. सशाचं वेगळं आहे, काकू. ससा खाईल तेवढं बहुतेक सगळं रक्तात जातं, आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून सशाची लघवी थोडी गढूळ असतेच. पण हिचे कण्याचे शेवटचे मणके झिजलेत. बसायला दुखतं, म्हणून ती पूर्ण मोकळी होत नाही. उरतं ते तळाला बसतं. मग वरचं पाणी आपोआप झिरपत राहतं. तिला कळतही नाही."

"म्हणजे टाकी धुतलीच नाही, आणि नळ गळतोय," सुनीतीबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. काय काय खायला देता?"

"गवत," श्रीनिवासराव म्हणाले. "दुकानात मिळतात त्या सशांच्या खाण्याच्या गोळ्या. मेथी, कोथिंबीर. आणि शेवग्याचा पाला."

"रोज?"

"रोज. सोसायटीत झाड आहे. माझ्या गुडघ्यांना सांगितला होता कुणीतरी, हाडांना चांगला म्हणून. हिलाही उडी मारताना त्रास व्हायला लागला होता. म्हटलं..." ते थांबले. "कॅल्शियम असतं ना त्यात."

"भरपूर," डॉ. शेफाली हळूच म्हणाल्या.

श्रीनिवासराव टॉवेलच्या पुडक्याकडे बघत होते. आपण रोज सकाळी फांदी वाकवून, कोवळा कोवळा निवडून हे भरवत होतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

"काका, एवढं एकच कारण नसतं," डॉ. शेफाली म्हणाल्या. "वय आहे, कणा आहे, गोळ्याही पिल्लांसाठीच्या, जास्त कॅल्शियमच्या असतील. आता पाला बंद करा, मेथी कमी करा. गुंगी देऊन आपण मूत्राशय धुऊन काढू. दुखण्यावर औषध देते. पण एक सांगते, गळणं पूर्ण थांबेलच असं नाही."

मूत्राशय धुताना श्रीनिवासराव बाहेर बाकावर बसले, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन. सुनीतीबाईंनी आत थांबू द्या म्हणून गळ घातली. सिरिंजमध्ये आलं ते आधी ताकासारखं होतं, मग पातळ केलेल्या टूथपेस्टसारखं. सुनीतीबाई वाकून बघत राहिल्या. एवढ्याशा जिवात एवढं पांढरं कुठे मावत होतं? आणि सगळं पाल्यातून आलेलं. झाडाने मातीतून घेतलं, पाल्यात साठवलं, ते हिच्या पोटात गेलं आणि इथे तळाला बसलं.

"यातलं थोडं मला घरी न्यायला मिळेल?" त्यांनी विचारलं.

डॉ. शेफालींनी मान वर केली. "कशाला, काकू?"

"बघायला."

आतापर्यंत कुणी मागितलं नव्हतं, म्हणत डॉ. शेफालींनी एक झाकणाची बाटली दिली.

घरी आल्यावर मात्र बघण्यापेक्षा करण्याचं काम जास्त निघालं. रेवडीचे मागचे पाय स्वच्छ करायचे होते. सशाला आंघोळ घालायची नाही, घाबरून जीवही जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फक्त मागचा भाग कोमट पाण्याने पुसायचा, नीट कोरडा करायचा, लाल कातडीला मलम लावायचं. आजवर श्रीनिवासरावांनी ते एकट्याने, न्हाणीघराचं दार लावून, कसंबसं केलं होतं. आता त्यांनी धरायचं आणि सुनीतीबाईंनी पुसायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी रेवडीने असा पाय झाडला की तांब्या उडाला. दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली. सुनीतीबाईंनी धरलं. छातीखाली एक हात, मागच्या पायांखाली दुसरा. रेवडीचं काळीज त्यांच्या तळहातावर इतक्या वेगाने धडधडत होतं की ठोके वेगळे काढता येत नव्हते, नुसती थरथर लागत होती.

"हे नेहमीच असं असतं का हो?"

"काय?"

"हृदय. की मला घाबरलीय?"

"तुला घाबरलीय," श्रीनिवासराव म्हणाले. "मीही घाबरतो."

"तुमची चौकशी केली नव्हती."

पाणी जास्त पोटात गेलं पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पिंजऱ्याला नळीची बाटली लावलेली होती. रेवडी ती चाटायची, पण जेमतेम. सुनीतीबाईंनी प्रयोग मांडला. बाटली तशीच ठेवली, शेजारी एक स्टीलची वाटी, आणि एक मातीची पसरट थाळी. रेवडीने स्टीलची वाटी नाकाने ढकलून उलटी केली. मातीच्या थाळीत तोंड घातलं आणि पीतच राहिली. थाळीची जागा बदलली, तरी तिथे जाऊन प्यायली. मग सुनीतीबाईंनी थाळीत घरच्या गाळण्याच्या मशीनचं पाणी भरून पाहिलं, नळाचं भरून पाहिलं. त्यात तिला काही फरक वाटला नाही. मान खाली घालून पिता आलं की झालं.

"बाटलीतलं पिताना मान वर करावी लागते," त्यांनी जाहीर केलं. "मणके दुखत असतील. नऊ वर्षं तुम्ही तिला नळीने पाजत होतात."

"दुकानदाराने नळीच दिली होती."

"दुकानदार मान वर करून पितो का?"

गळण्याचं मात्र गूढ राहिलं. औषध सुरू झाल्यावर पॅड कमी ओले व्हायला लागले, पण फरशीवर अजून अधूनमधून डबकं दिसायचं, आणि तेही घमेल्याच्या अगदी शेजारी. रेवडीचं शू करायचं प्लास्टिकचं घमेलं कोपऱ्यात होतं, त्यात कागदाचे तुकडे. सुनीतीबाई मटार सोलायला समोर बसल्या, ते त्यासाठीच. दुपारभर बसल्या. झोपेत गळतं ते त्यांनी पाहिलं. रेवडी आडवी पसरलेली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मागे पॅडवर गोल डाग पसरत चाललेला. तिला पत्ता नव्हता. पण मग ती उठली, घमेल्यापाशी गेली, पुढचे दोन पाय कडेवर ठेवले, थांबली, पाय खाली घेतले, वळली, आणि शेपटी उचलून बाहेरच करून मोकळी झाली.

"अहो!" सुनीतीबाईंनी हाक मारली. "अहो, इकडे या. ही दोन वेगवेगळी आहेत."

"दोन काय?"

"दोन ओलं होणं. एक हिला कळत नाही ते. दुसरं हिला कळतं, पण घमेल्यात चढता येत नाही. आपण दोन्ही एकच धरून चाललो होतो."

श्रीनिवासरावांनी सुरी गॅसवर तापवली आणि घमेल्याची एक बाजू फरशीपासून दोन बोटं उंची राहील इतकी कापून काढली. घरभर प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. रेवडी बराच वेळ त्या बाजूला फिरकली नाही. संध्याकाळी तिने तो कापलेला उंबरठा हुंगला, सावकाश एक एक पाय आत टाकला, आणि आत जाऊन बसली. बसली ती तिथेच बसली, शेवटी तिला उचलून बाहेर काढावं लागलं. फरशीवरची डबकी बंद झाली.

झोपेतलं गळणं राहिलं ते राहिलंच. पुढच्या एक्स-रेत गोळा लहान झालेला दिसला, करडा झालेला, पण होता. डॉ. शेफाली म्हणाल्या, आता हे असंच चालवायचं. धुणं, पुसणं, पॅड बदलणं. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि श्रीनिवासरावांनी विचारलं नाही.

नाताळच्या सुट्टीत श्रीनिवासरावांची थोरली बहीण विजयमाला राहायला आली. दिवाणावर बसायला गेली आणि चादर उचलून बघते तो खाली पॅड.

"अगं बाई! सशासाठी? सुनीती, तू खपवून कसं घेतेस? म्हातारं जनावर, आता कुठेतरी सोडून द्यावं की नाही?"

श्रीनिवासराव आतल्या खोलीत होते. तिथला पेपर पुन्हा हलायचा थांबला.

"वन्सं," सुनीतीबाई म्हणाल्या, "आपल्या सगळ्यांचीच वेळ येणार आहे. तुम्हाला कुठे सोडलेलं आवडेल, ते सांगून ठेवा. तशी सोय करता येईल."

विजयमाला खुर्चीवर बसली. पण दुसऱ्या दिवशी पुसायच्या वेळी ती न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली, आणि टॉवेल लागला तेव्हा तिनेच पुढे केला.

जानेवारीत ऊन चांगलं पडायला लागलं तसं रेवडीला दुपारी बाल्कनीत न्यायला सुरुवात झाली. सतरंजी, तिच्यावर पॅड, त्यावर जुन्या स्वेटरचा तुकडा. रेवडी पाय मागे सोडून पसरायची. तिच्या शेजारी सुनीतीबाई गहू निवडत बसायच्या, आणि श्रीनिवासराव आरामखुर्चीत.

एकदा सुनीतीबाईंचा हात ताटातच थांबला. रेवडी गाढ झोपली होती. तिचं नाक स्थिर होतं, आणि जागेपणी ते कधीच स्थिर नसतं. मग एक कान फडफडला. मागचे दोन्ही पाय हलले, पुढे-मागे, पुढे-मागे, जमिनीला न टेकता. खालच्या स्वेटरवर ओल पसरली.

"अहो, सशांना स्वप्नं पडतात का?"

श्रीनिवासरावांनी डोळे न उघडता उत्तर दिलं. "पडतात. पाय हलतात ना, तेव्हा पळत असते."

"कुठे?"

"ते कसं कळणार?"

"नऊ वर्षं बघताय ना तुम्ही?"

"बघतोय. पण विचारलं कधी नाही."

सुनीतीबाईंनी ताट बाजूला सारलं आणि सतरंजीवर आणखी पुढे सरकल्या. ओला तुकडा बदलायला हवा होता. पण बदलायला गेलं तर ती जागी झाली असती. रेवडीचे पाय अजून चालूच होते. त्या वाकून बघत राहिल्या.